फाटकाबाहेर थांबलेली मोटार

मी एक जुनी काळी मोटार आहे, मित्रांनो. आज माझ्या चाकांत हवा नाही. पण एके काळी देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नर देसांकाबाई माझ्या मागच्या सीटवर बसत. ल्युबोमिर हा माझा चालक. मला रोज पुसून तो म्हणायचा, "झाली आमची नवरी तयार!"

निवडणूक जवळ आली तशी मंत्र्यांना कर्जं स्वस्त हवीशी झाली. महागाई आधीच वाढलेली, त्यामुळे देसांकाबाई व्याजदर खाली आणेनात. थोड्याच दिवसांत त्यांच्यावर खटला भरला गेला. पूर्वी एका बुडत्या बँकेला वाचवताना त्यांनी लाच खाल्ली, असा आरोप होता.

नवा व्याजदर जाहीर व्हायचा त्याच सकाळी त्यांना चौकशीला बोलावलं. मी कचेरीबाहेर उभी होते. रेडिओवर बातमी आली आणि आमच्या चलनाचा, दिनारचा, भाव घसरू लागला. समोरच्या पैसे बदलून देणाऱ्या दुकानापुढे रांग लागली. दुकानदार फळ्यावरचा भाव पुसायचा, पुन्हा लिहायचा. रांगेतल्या एक आजीबाई कडाडल्या, "मेल्यांनो, बाईंनाच धरलंत, आता माझ्या पेन्शनला वाली कोण?"

अखेर देसांकाबाई बाहेर आल्या.

"सुटलात ना, बाई?" ल्युबोमिरने विचारलं.

"सुटले. पण खटला संपेपर्यंत बँकेत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम आहे."

"मग घरी घेऊ?"

"बँकेकडे घ्या."

"अहो, आत्ताच तर म्हणालात..."

"फाटकापर्यंतच. रस्ता काही त्यांनी बंद केलेला नाही!"

वाटेत त्यांचे उपगव्हर्नर स्टेवान यांचा फोन आला; आता दर त्यांनाच जाहीर करायचा होता. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "देसांका, मंत्र्यांचा माणूस माझ्यासमोरून हलत नाहीये. दर उतरवा म्हणतो. मला लेकरंबाळं आहेत गं."

बाईंनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाल्या, "काल आपल्या व्याजदर समितीने काय ठरवलं ते तुला ठाऊक आहे. मी आता काही सांगणार नाही. सांगितलं तर उद्या त्याचाही खटला होईल."

फाटकापाशी वार्ताहरांनी आम्हाला गराडा घातला. गप्प राहा, असं वकिलांनी बजावलं होतं. तरी बाई उतरल्या आणि माझ्या बॉनेटवर हात टेकून उभ्या राहिल्या. आवाज ठाम होता.

"लाच घेतलीत का, बाई?" कुणीतरी ओरडलं.

"नाही. पण ते कोर्ट ठरवेल. खटला माझ्यावर आहे, तुमच्या बचतीवर नाही. मी बाहेर असले तरी बँक जागेवर आहे. घाबरून दिनार विकू नका."

मग वाट पाहणं आलं. ल्युबोमिरने रेडिओचा आवाज वाढवला. कितीतरी वेळाने स्टेवान यांचा कोरडा पडलेला आवाज आला, "व्याजदर कायम."

ल्युबोमिरने स्टिअरिंगवर थाप मारली. बाईंनी डोळे मिटून घेतले. दिनार आधी थबकला, मग संध्याकाळपर्यंत थोडा सावरलाही.

त्याची किंमत मात्र मोजावी लागली. बँकेत जायला बंदी असताना सरकारी मोटार वापरली, म्हणून मला जप्त करून कोर्टाच्या आवारात टाकलं. उंदरांनी माझी गादी कुरतडली, चाकांभोवती गवत वाढलं. स्टेवान यांना घरी बसवलं. बाईंच्या जागी आणलेल्या नव्या गव्हर्नरांनी दर उतरवले आणि वर्षाच्या आत पाव महागला. खटला मात्र रेंगाळतच राहिला.

परवा ल्युबोमिर आला. केस पांढरे झालेत त्याचे. माझ्या काचेवरची धूळ बाहीने पुसत म्हणाला, "बाई निर्दोष सुटल्या गं! पण कोर्टात आम्ही चारच माणसं. पेपरात आतल्या पानावर इवलीशी बातमी. आणि बाजार? ढिम्म हलला नाही!"

मित्रांनो, मला पुन्हा रस्त्यावर आणा, असं मी म्हणत नाही. माझे दिवस संपले. पण ज्यांच्या शब्दावर सगळ्यांच्या घरचा पाव अवलंबून असतो, त्या माणसांना जपा. त्यांना प्रश्न विचारा, त्यांची चौकशीही करा. मात्र आरोप ऐकायला जेवढे जमता, तेवढेच निकाल ऐकायलाही या.