जोडीनं पाहावा असा खेळ

मृग लागायच्या आत लोह्याचा सिनेमाचा तंबू उठायचा, हा दरवर्षीचा नेम. कनाती गुंडाळल्या जायच्या, मशीन गाडीत चढायचं आणि मालक चार महिने नांदेडला जाऊन झोपा काढायचा. पण त्या साली मृग कोरडा गेला, त्यामागून आर्द्रा कोरड्या गेल्या, पोळ्याला बैल धुवायला पाणी मिळेना. मग तंबू तरी कशाला उठतो? दुष्काळात भलं झालेला पंचक्रोशीतला एकच माणूस, तो हा तंबूवाला. भोंगा बांधलेली त्याची बैलगाडी गावोगाव हिंडायची आणि भोंग्यातून आवाज यायचा, नवरा-बायकोनं जोडीनं पाहावा असा प्रेमाचा खेळ, जोडीनं या, जोडीनं बघा.

असल्या जाहिरातीवर शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही. पंढरीनं ठेवला. त्याला दुसरा इलाज उरला नव्हता.

पंढरी नांदेडला कलेक्टर कचेरीत कारकून होता. घराण्यातला पहिला सरकारी नोकर. बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्या त्याच्याकडे बोट दाखवून नातवंडांना शिका म्हणायच्या, आणि तो शनिवारी घरी आला की बाजेवर त्याच्यासाठी धुतलेली वाकळ पडायची. आता लातूरचा नवा जिल्हा झाला होता. नव्या कचेरीला माणसं कमी पडत होती म्हणून चार-सहा जणांना तिकडं पाठवलं, त्यात पंढरीचं नाव निघालं. सोमवारी हजर व्हायचं होतं.

तो आधीच एकदा जाऊन खोली बघून आला होता. गंगम्मा नावाच्या बाईच्या वाड्यामागं एक खोली, पुढं दोन पत्र्यांची पडवी, आणि दिवसाआड का होईना, नळाला पाणी. गंगम्मानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं की सड्या माणसाला ती खोली देत नाही. आठ दिवसांत बायको आणा, नाहीतर दुसरं बिऱ्हाड येऊन राहील. पंढरी मोठ्या तोंडानं आणतो म्हणून आला. बदलीचं घरात सगळ्यांना कळलं होतं, पण खोलीचं बायकोला काहीच ठाऊक नव्हतं.

आता कुणी म्हणेल, मग विचारायचं की तिला, त्यात काय मोठं? असं म्हणणाऱ्यानं एकदा त्या घरात राहून बघावं. घराला खण एकच. त्यात बा व्यंकटी, माय नागुबाई, विधवा आत्या चांगुणा आणि ही नवी सून पंचफुला. लग्नाला दहा महिने झाले होते, पण पंढरी आठवड्याचे सहा दिवस नांदेडात, आणि सातव्या दिवशी मोठ्यांच्या देखत बायकोशी बोलायची तिकडं रीत नाही. रात्री जरा कुजबूज झाली की बा खोकायचा. पहाट फुटायच्या आत पंचफुला घागरी घेऊन विहिरीच्या रांगेत. दहा महिन्यांत दोघांत झालेलं सगळं बोलणं लिहून काढलं असतं तर एका पोस्टकार्डात मावलं असतं. आणि पोस्टकार्ड पाठवायचं म्हटलं तर ते पोस्टमन वाड्याच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना वाचून दाखवायचा.

सरळ बाला सांगून बायकोला घेऊन जाता आलं असतं. पण पंढरीचं घोडं तिथंच पेंड खात होतं. त्याला तिला विचारायचं होतं. चार बुकं शिकलेला माणूस. बाईला न विचारता तिचं बिऱ्हाड इथून उचलून तिथं ठेवायचं, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. शिवाय मायचा गुडघा गेलेला होता. सून गेली की विहिरीवर कोण जाणार, हा प्रश्न घरात कुणी बोलत नसलं तरी चुलीपाशी बसलेलाच होता. तिच्या तोंडून एकदा हाव, म्हणजे हो, एवढं ऐकलं असतं तर पंढरी बापाशी भांडायलाही तयार होता. ते एक हाव त्याला पाहिजे होतं.

म्हणून त्यानं बेत केला. नांदेडला रविवारी तीनचा खेळ, बाल्कनीची दोन तिकिटं. तिथं जोडपी शेजारी शेजारी बसतात हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. अंधारात तीन तास मिळतात. एवढ्यात मुका माणूससुद्धा बोलेल.

मनात मांडे खायला काय जातं? शनिवारी त्यानं हळूच विषय काढला आणि माय म्हणाली की नव्या सुनेला एकटीला नांदेडला नेलं तर वाडा काय म्हणेल, मी येते सोबत. आत्या चांगुणानं आयुष्यात एकच सिनेमा पाहिला होता आणि तोही अर्धा, तेव्हा तिनं लुगडं झटकलं. एवढ्या जणांना नांदेड लांब पडतं, असं बानं ठरवलं. लोहा कोसभर, चालत जाऊ, संध्याकाळचा पहिला खेळ बघू, आणि गाडीवाला रोज बोंबलतोयच की जोडीनं बघा म्हणून. बघता बघता नांदेडचं लोहा झालं, बाल्कनीची माती झाली आणि दोघांचे पाच झाले. पंढरी नुसता मान हलवत राहिला. एक गोष्ट मात्र त्यानं पक्की केली, की बसताना तिच्या शेजारी बसायचं, मग जग काय म्हणायचं ते म्हणो.

तंबूच्या दारात गेल्यावर कळलं की दारं दोन आहेत. एक बाप्यांचं, एक बायांचं. आत मधोमध कमरेएवढी कनात ओढलेली, डावीकडं लुगडी आणि उजवीकडं मुंडाशी. पंढरीनं दारावरच्या माणसाला विचारलं की जोडीनं बघा म्हणून सांगता आणि हे काय? तो माणूस शांतपणे म्हणाला की पडदा एकच आहे ना, मग जोडीनंच झालं. पंचफुला माय आणि आत्याच्या मधून आत गेली. जाताना तिनं एकदा वळून पाहिलं.

मग तो बापाच्या शेजारी मातीवर बसला.

पडद्यावर एक तरणाबांड गडी होता आणि एक पोरगी होती. गड्याचं तिच्यावर मन बसलेलं, पण विचारायचं धाडस होईना. तो झाडाला सांगायचा, चंद्राला सांगायचा, सायकलीला सांगायचा. ती समोर आली की घोरपडीसारखा थिजायचा. तंबूत मशीन एकच, त्यामुळं प्रत्येक रिळानंतर खेळ थांबायचा आणि मधला दिवा लागायचा. दिवा लागला की पंढरी उभा राहून कनातीपलीकडं बघायचा. मागचे लोक खाली बस म्हणून ओरडायचे. तेवढ्यात त्याला आत्याचं डोकं दिसायचं, मायचं डोकं दिसायचं, आणि दोघींच्या मधे हिरवा पदर. त्या पदराचं तोंड पडद्याकडं असायचं.

तिसऱ्या रिळात पडद्यावरचा गडी पोरीच्या दाराशी जाऊन परत फिरला, तेव्हा सगळा तंबू चिडला. आणि पंढरीचा बा, जो घरात सहसा चार शब्द बोलायचा नाही, तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "आरं इचार की तिला, भाड्या. दातखीळ बसली का?"

लोक हसले. पंढरी हसला नाही. बा त्याच्याकडं वळून म्हणाला की असले नेभळट लोक जगात असतात हे काही खरं वाटत नाही.

मध्यंतरात पंढरीनं मनाचा हिय्या केला. शेंगांची पुडी घेतली आणि बायांच्या दाराशी गेला. दारावरच्या माणसानं काठी आडवी धरली. पंढरीनं सांगितलं की बायको आत आहे, एक शब्द बोलायचा आहे. आत आलेली प्रत्येक बाई कुणाची तरी बायकोच आहे, असं त्यानं उत्तर दिलं आणि पुडी आपल्या हातानं आत पाठवली. पुडी आत्याच्या हाती पडली, हे पंढरीनं तिथूनच पाहिलं. घंटा वाजली, दिवा गेला, आणि तो चाचपडत आपल्या जागेवर येऊन बसला. पडद्यावर काय चाललंय तिकडं त्याचं ध्यान नव्हतं. शेवटी त्या गड्यानं विचारलं असावं, कारण लोकांनी टोप्या उडवल्या.

परतीच्या वाटेला बाया पुढं आणि बाप्ये मागं. आकाशात ढगाचं ठिपूस नव्हतं, चांदणं नुसतं सांडलेलं. माय गुडघ्यावर हात ठेवत ठेवत चालत होती. मारुतीच्या पारापाशी ती थांबली, दोघांना येऊ दिलं आणि बाला म्हणाली, "पंढरीच्या लातूरचा घोर मिटला बगा. पंची हितंच ऱ्हाते. म्या इचारलं तिला मगाशी."

बानं बरं झालं म्हटलं. आत्यानं शेंगेचं टरफल थुंकलं. पंढरीच्या पायाखालची वाट सरकली. पंचफुला चार पावलं पुढं उभी होती, पाठमोरी. आईच्या देखत सुनेच्या शब्दावर शंका घ्यायची म्हणजे दोघींचाही अपमान. रात्रभर तो आढ्याकडं बघत पडला. बा अधूनमधून खोकत होता.

सकाळी वळकटी घेऊन तो निघाला. एसटीचा थांबा विहिरीच्या अलीकडं. विहिरीवर नेहमीची झुंबड. तळाशी वीतभर पाणी, पोहरा बुडत नाही, म्हणून दोरीला बांधलेली वाटी सोडून वर ओढायचं. पंचफुलाच्या पुढं दोनच बाया उरल्या होत्या. पंढरी सरळ रांगेत शिरला. बायांनी पदर तोंडाला लावले.

"तू ऱ्हाते म्हनलीस?" त्यानं विचारलं.

"हाव."

"कामून?"

पंचफुला दोरीकडं बघत राहिली. मग हळू आवाजात, पण न अडखळता, ती बोलली. "मायनं हात धरून इचारलं. म्हनल्या, तू गेलीस तर माझं कसं व्हईल, तूच सांग. लगीन ठरताना कुनी इचारलं न्हाई, हितं आल्यावर कुनी इचारलं न्हाई. पैल्यांदाच कुनी मला काई इचारलं. न्हाई कशी म्हनू?"

"म्या इचारनार व्हतो. त्याच्यासाठीच तर सिनेमाला..."

"मला वाटलंच. मी वाट बगत व्हते. शेंगा आल्या, मला वाटलं मागून तुमी येताल."

तिकडून एसटीचा धुरळा दिसू लागला. लाजलज्जा सगळी गुंडाळून, सगळ्या बायांच्या देखत, त्यानं विचारलं, "मंग आता इचारतो. येतीस का?"

तिनं वर पाहिलं. दहा महिन्यांत तिनं त्याच्याकडं असं सरळ कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या डोळ्यांत जे होतं ते हाव होतं. एवढं न कळायला पंढरी काही आंधळा नव्हता.

"आता शबुद देऊन बसले," ती म्हणाली. "मायला इचारून माजा शबुद सोडवून घ्या, तर येते. पर त्यांचा गुडघा बगून तुमाला जमल का?"

पंढरीला जमणार नव्हतं, ते तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. मागून कुणीतरी ओरडलं, पंचे, तुजा नंबर आला, भरतीस का सोडतीस? नंबर सोडला की दुपारपर्यंत घरात थेंब नाही. ती वाकली आणि वाटी वाटीनं घागरी भरू लागली. पंढरी वळकटी काखेत धरून उभा राहिला. एसटी येऊन थांबली, माणसं-बोचकी चढेपर्यंत उभी राहिली, मग कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

घागरी भरल्या तेव्हा त्याला दुसरं काही सुचलं नाही. त्यानं वळकटी खाली ठेवली, एक घागर उचलून तिच्या चुंबळीवर ठेवली, तिच्यावर दुसरी ठेवली, आणि दोन्ही हातांनी धरून तोल बसेपर्यंत तसाच उभा राहिला. बाप्यानं बायकोच्या डोक्यावर पाणी द्यायचं, हे त्या वाड्यानं कधी पाहिलं नव्हतं. बाया फिदीफिदी हसल्या. तिचा श्वास त्याच्या मनगटाला लागत होता. एवढ्या जवळ, एवढा वेळ, दिवसाउजेडी दोघं पहिल्यांदाच उभी होती.

मग तिनं मान ताठ केली आणि ती चालू लागली. पंढरी एसटीच्या पायरीवर उभा राहून बघत होता. ती वळली नाही. डोक्यावर दोन घागरी असल्या की बाईला मागं वळून बघता येत नाही.