बोकडाचा कॅन्सर

हडपसरच्या त्या मंगल कार्यालयात दर गुरुवारी लग्नाहून जास्त गर्दी. स्टेजवर बद्रीनाथ महाराज, आणि त्यांच्या चांदीच्या ताटलीत एका बाईच्या मानेतून पडलेला काळा, टणक खडा.

"हे बघा, कॅन्सरचं मूळ!" महाराज माइकवर गरजले. "ना कापाकापी, ना मशिनचा करंट. शंभर टक्के गॅरंटी!"

टाळ्या. कॅन्सरची गॅरंटी! आमच्याकडे मिक्सरचीसुद्धा फार तर दोन वर्षांची मिळते.

माझी चुलती मुक्ताबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या पोटरीवर कातडीचा कॅन्सर. महाराजांच्या काळ्या लेपानं तिथं खड्डा पडला होता. एका मोठ्या इस्पितळात डॉ. शर्मिला किरणोपचाराची नवी पद्धत तपासत होत्या. फेऱ्या कमी आणि मारा नेमका गाठीवर, म्हणजे भोवतालचं धड मांस वाचेल. त्यांनी काका-काकीला समोर बसवून सांगितलं होतं, "ही चाचणी आहे. जुन्या उपचाराहून बरी ठरेल अशी आशा आहे, खात्री नाही. नको असेल तर नाही म्हणा, नेहमीचं रेडिएशन देऊच. पण उशीर केलात तर पाय जाईल."

तिचा नवरा सर्जेराव, माझा चुलता, त्यानं एवढंच ऐकलं: खात्री नाही. "आमची बाई काय उंदीर हाय व्हय?" म्हणत त्यानं तिला महाराजांकडं आणून घातलं.

आणि इथंच ती अडकली. महाराज सगळ्या रोग्यांना एकच लांब दोरा धरायला लावून शपथ घालत. एकानं जरी मशिनचे किरण अंगावर घेतले, तर बाकीच्यांचा रोग उलटणार. त्यामुळं पहारेकरी नेमायची गरजच नव्हती. रोगीच एकमेकांवर पहारा करत. काकी रिक्षाला हात करायला बाहेर पडली की शेजारचा बजरंग आडवा येई. त्याच्या ओठावर गाठ. "काकू, कुठं निघालात? माझ्या पोरी लहान हायत हो." काकी परत घरात. "मी गेले आन् त्याला काय झालं, तर?" म्हणून रडायची. पाय एकीकडं, पाप दुसरीकडं.

त्या गुरुवारी तिची सून शेफाली स्टेजवर चढली. ती शाळेत विज्ञान शिकवते. हातात स्टीलचा डबा.

"महाराज, तुमच्या लेपानं मूळ निघालंय. दाखवू?"

"दाखव बेटी, जगाला दाखव!"

आत मांसाचा तुकडा, मधोमध काळा डाग. तिनं चिमट्यानं उचकटला, तर ताटलीतल्यासारखाच टणक खडा वर आला.

"कुणाचं गं हे?" मुक्ताबाईनं विचारलं.

"बोकडाचं, आई. तुमच्या पोटरीला लावून उरलेला लेप त्याला लावला."

"गुरुवारी मटण!" कुणीतरी किंचाळलं. लेपाबद्दल मात्र कुणी बोलेना.

महाराज सावरले. "त्या मुक्या जीवालाही व्याधी असेल, बेटी."

"असेल ना. मग निरोगी अंगावर लावून बघू. दंड द्या तुमचा."

तिनं महाराजांच्या पुढ्यातल्या लेपाच्या वाटीत काडी बुडवली. महाराजांनी हात असा झटकन शालीत ओढला, की माइक खाली पडला.

"घाबरता कशाला? निरोगी माणसाला काही होत नाही म्हणता ना? मग स्वतः काडीनंच का लावता?" शेफाली गर्दीकडं वळली. "शर्मिला डॉक्टरांनी लेप लॅबमध्ये तपासून घेतलाय. यात जस्ताचा क्षार आहे, पत्र्याला डाख देऊन सांधा जोडताना वापरतात तो. वर काजळी. लागेल ते मांस जाळतो. जळून पडलेल्या मांसालाच हे मूळ म्हणतात. गाठ खाली वाढतच राहते."

मुक्ताबाई उठली. बजरंगनं तिचा पदर धरला. "काकू, पटलं मला. तरी पण... चुकून खरं असलं तर?"

"मग तूबी चल. दोघं गेलो तर कोण कुणाला मारणार?"

बजरंगला घेऊनच ती इस्पितळात गेली. डॉ. शर्मिला जखम बघून म्हणाल्या, "लेपानं एवढं जळाल्यावर आता चाचणीत घेता येणार नाही. जखम भरू दे, मग नेहमीचे किरण देऊ. पाय वाचेल का, आज सांगता येत नाही." सर्जेराव भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

म्हणून सांगतो. "खात्री नाही" ऐकून पळू नका. जो स्वतःचाच उपचार तपासतो आणि फसला तर चारचौघांत सांगतो, त्याच्या दारात रांग लावा. शंभर टक्केवाल्याला विचारा, तपासू देतोस का? नाही म्हणाला, तर चपला घाला आणि निघा. शेजाऱ्यालाही हाताला धरून बाहेर काढा.