नील, कबीर आणि मागे क्रौंच

गेली दोन वर्षं दर रविवारी आई फोनवर विचारते, ‘बरोबर कोण आहे?’ पहिल्यांदा मी ‘नील आणि कबीर’ म्हणालो, कारण ‘कोणी नाही’ म्हटलं की तिचं बीपी वाढतं. मी राहतो त्या शॉमबर्गमध्ये या नावांची माणसं असतीलच. माझ्या ओळखीची नाहीत. पुढे नीलला उंची द्यावी लागली, कबीरला शेंगदाण्याची ॲलर्जी. आईने येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर नीलसाठी विणलेला स्वेटर पाठवला, कबीरसाठी तिळाची चटणी. स्वेटर मला गुडघ्यापर्यंत येतो. चटणी बरी होती.

गेल्या रविवारी ती म्हणाली, ‘तिघांचा एक फोटो पाठव. नाहीतर मी समजेन काय ते.’

म्हणून आज अडीच तास ड्राइव्ह करून इंडियानातल्या दलदलीवर आलो. बर्फ, अर्धवट गोठलेलं पाणी आणि त्यात उभे करडे क्रौंच. प्लॅन सोपा होता. मागे पक्षी, मध्ये मी, दोन्ही बाजूंना कुणीही. टोपी-मफलर गुंडाळल्यावर या थंडीत कोणीही कोणीही असू शकतं.

पक्षी बघायच्या मचाणावर एकच बाई होत्या, रत्नाकाकू. निवृत्त भूलतज्ज्ञ, मंडळाच्या गणपतीत पाहिलेल्या. दुर्बिणीवरून डोळे न काढता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘म्हणजे मी नील?’

‘कबीर. नील उंच आहे.’

‘मग नील कोण?’

‘ट्रायपॉडला कोट घालू.’

काकूंनी थर्मास बंद केला. ‘चाळीस वर्षं मी लोकांना भूल दिली. पण उतरेपर्यंत शेजारी बसायचे. तू कुठे बसणार आहेस?’

मी त्यांच्या दुर्बिणीच्या ट्रायपॉडला माझा जादाचा कोट आणि टोपी चढवली. मी फोन कठड्यावर टेकवून टायमर लावला. काकू मान खाली घालून कबीर झाल्या. फोटो चांगला आला, लगेच पाठवला.

दोन मिनिटांत आईचा फोन. ‘नीलला बरं नाही का? तुमच्या दोघांच्या तोंडातून वाफ येतेय, त्याच्या नाही.’

मी काकूंकडे पाहिलं. त्या पक्षी बघत होत्या.

‘आई, तो ट्रायपॉड आहे.’

‘आणि कबीर?’

‘रत्नाकाकू.’

‘मग ते दोघं कुठेत?’

‘नाहीत. कधीच नव्हते.’

मग ती म्हणाली, ‘कबीरला नोकरी लागली तेव्हा मी सोसायटीत पेढे वाटले.’

‘हो.’

‘नीलच्या तापात मी उपास धरला होता.’

‘तो बरा झाला ना.’

‘म्हणजे दोन वर्षं तू एकटाच जेवतोयस?’

‘हो.’

काकू मचाणाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेल्या. आईने फोन ठेवला नव्हता. तेवढ्यात एका क्रौंचाने मान वर करून आवाज दिला आणि मग सगळेच सुरू झाले.

‘हे कोण?’

‘पक्षी. क्रौंच.’

‘किती आहेत?’

मी मोजले. ‘त्रेसष्ट.’

‘पुन्हा मोज,’ आई म्हणाली. ‘मी थांबते.’