सहावे घर

अर्डिथ प्रुइटने अहवालाची प्रत बंदुकांच्या दुकानातल्या काउंटरच्या काचेवर पसरली आणि तिसऱ्या ओळीखाली बोट ठेवले. ‘मृत महिलेने सहाही घरे भरलेले रिव्हॉल्व्हर निष्काळजीपणे पर्समध्ये बाळगले. चर्चच्या पायरीवर पर्स पडून घोड्याला धक्का बसला व गोळी सुटली. मृत्यूस महिला स्वतः जबाबदार.’ त्याखाली शेरीफची सही, परगण्याचा शिक्का आणि १९८१ सालची तारीख.

"वाच," ती म्हणाली.

रॉइस टिबेट्सने चष्मा कपाळावरून नाकावर उतरवला, पण वाचले नाही. त्याला ते पाठ होते. शस्त्र कपड्याआड बाळगण्याचा परवाना हवा असणाऱ्यांसाठी तो दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुकानामागच्या खोलीत वर्ग घेई, आणि गेली तीस वर्षे त्या वर्गाचा श्रीगणेशा याच ओळींनी होत आला होता. ‘डेल्फियासारखं करू नका’ हे वाक्य टेनेसीच्या त्या खोऱ्यात म्हणीसारखे रुळले होते. ज्यांनी डेल्फिया प्रुइटला कधी पाहिलेही नव्हते, ते ती म्हण जास्त सफाईने वापरत.

"माझ्या आईला तुझ्या वर्गातून काढ, रॉइस."

"अर्डी, मी कागदावर आहे तेवढंच सांगतो."

"कागदावर जगून मी पस्तीस वर्षं पगार घेतला. कागद खोटं कसं बोलतो ते मला विचार."

"विचारलं असतं, प्रोफेसरबाई. पण तू डोंगर उतरून खाली दुकानात येत नव्हतीस ना कधी."

हे खरे होते. आई गेली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. त्यानंतर ती नाताळला येई, दोन दिवस राही आणि वडिलांच्या या दुकानात पाऊल न टाकता परत जाई. तीन आठवड्यांपूर्वी एक्याण्णव वर्षांच्या वडिलांना, ऑर्व्हिल प्रुइटना, मूठमाती देऊन ती त्यांच्या घरी राहायला आली, आणि इतक्यात दोनदा कोणीतरी मागच्या कोठाराचे कुलूप तोडून गेले होते. सर्वात जवळचे शेजारी चार मैलांवर. म्हणून ती आज दोन कामे घेऊन आली होती. दुसरे काम पिस्तूल निवडण्याचे होते.

"हा अहवाल काडतुसं मोजतो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. परीक्षेत नापास होणाऱ्या मुलाला ती याच आवाजात समजावीत असे. "सहा भरलेली होती, म्हणतो. कोणी भरली, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. बाई मेली, पर्स बाईची, म्हणजे चूक बाईची. शेरीफला दुपारी मासे पकडायला जायचं असणार."

"जुन्या सहाबारीचा नियम काय, ते तुलाही ठाऊक आहे."

"तुझ्या आधी ठाऊक आहे."

तो नियम तिने न्याहारीच्या टेबलावर शिकला होता. घोडा चक्रीतल्या ज्या घरावर टेकतो ते घर रिकामे ठेवायचे. नाहीतर जुने रिव्हॉल्व्हर पडले की झडते. रविवारी सकाळी आई भट्टीत बिस्किटे ठेवी, हाताचे पीठ एप्रनला पुशी, आणि बिस्किटे फुगेपर्यंत टेबलाशी बसून काडतुसे भरी. एक भर, एक सोड, चार भर. प्रार्थनेच्या चालीवर ती हे गुणगुणे. मग घोडा मागे ओढून अलगद टेकवला की तो नेमका सोडलेल्या घरावर बसे. पिस्तूल पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या आणि पांढरे हातमोजे यांच्यामध्ये जाई, त्यामुळे चर्चमध्ये आई पेपरमिंट देई तेव्हा त्याला बंदुकीच्या तेलाचा किंचित वास असे. पुढे अर्डिथला दुसरे कुठलेही पेपरमिंट कधी पुरेसे खरे वाटले नाही.

"तिनं ते पिस्तूल बाळगलं त्या अकरा वर्षांचे रविवार मोज," ती रॉइसला म्हणाली. "पावणेसहाशे वेळा जिने ते घर सोडलं, ती एका रविवारी विसरली? आणि तेवढाच रविवार तू लोकांना शिकवतोस. सहा होती हेच मी मानत नाही. पाचाचे सहा शेरीफने केले, फाइल बंद करायला."

"मग गोळी सुटली कशी?"

या प्रश्नाशी तिची मांडणी दरवेळी अडे. ती काचेखालच्या पिस्तुलांकडे पाहू लागली.

रॉइसने संधी साधली. कुलूप उघडून त्याने एक इवलेसे, गुलाबी मुठीचे पिस्तूल बाहेर काढले आणि फडक्यावर ठेवले. "हे बघ. लिपस्टिकएवढं. बायका हेच नेतात."

"बायकांनी मागितलं, की तुम्ही दिलं?"

"कंपनीनं पाठवलं."

"डॅडींनी असलं काही दिलं असतं का कुणाला?"

रॉइस हसला, आणि क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर दुकानात झाडलोट करणारा तेवीस वर्षांचा पोऱ्या दिसला. "नाव नको काढू. आधी गिऱ्हाइकाशी हात मिळवायचे. चांगली दोन मिनिटं सोडायचे नाहीत. बोटं किती लांब, मनगट किती पक्कं, घाम किती येतो, सगळं तेवढ्यात. मग म्हणायचे, हलकं पिस्तूल बाळगायला सोपं, झाडायला अवघड. तुम्हाला काय करायचंय?"

"आणि कोणी म्हणालं दोन्ही, तर?"

"तर म्हणायचे, घरी जा, कुत्रा पाळा."

ती हसली. या दुकानात ती त्रेचाळीस वर्षांनी हसत होती, आणि लाकडाला मुरलेल्या तेलाचा वास तिला जाणवला. वडिलांचा हात तिला आठवला. ती सोळाची झाली तेव्हा त्यांनी तिच्याशीही असाच, अनोळखी गिऱ्हाइकाशी मिळवावा तसा हात मिळवला होता, आणि म्हणाले होते, ‘हिला अजून वर्षभर काही नको.’ मग ते वर्ष कधी संपलेच नाही.

तिने पिशवीतून आईच्या रिव्हॉल्व्हरसकट काळवंडलेले कातडी म्यान काढून अहवालाशेजारी ठेवले.

रॉइसने फडक्याला हात पुसले. "हे आणलंस होय."

"त्यांच्या पलंगाच्या कप्प्यात होतं."

"मरेपर्यंत हेच बाळगलं त्यांनी. अख्खं दुकान भरून नवी पिस्तुलं होती, पण शेरीफनं परत दिल्यापासून कमरेला हेच. साफ करायला मागितलं तर देत नसत. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याचा जीव आहे बायकोवर."

"हेच मला बसतंय का बघ," अर्डिथ म्हणाली. "गुलाबी नको."

त्याने रिव्हॉल्व्हर जपून बाहेर काढले, नळी भिंतीकडे केली, घोडा अर्धा ओढला आणि बाजूची झडप उघडली. चक्री एकेक घर फिरवीत त्याने काडतुसे फडक्यावर पाडली. एक. दोन. तीन. चार. पाच. पितळ हिरवट पडले होते. सहाव्या घरापाशी त्याचा अंगठा थांबला.

"घोडा रिकाम्यावरच होता. शिस्तीचा माणूस." मग त्याने डोळा मिचकावला. "पण अगदी रिकामं नाही. जुने लोक त्या घरात नोटेची गुंडाळी घालायचे, ठाऊक आहे? बेवारस मेलं तर पुरणाऱ्याची मजुरी. बघू तुझ्या डॅडींनी स्वतःची काय किंमत लावली ती."

झडपेतून टाचणीने ओढून त्याने एक घट्ट वळकटी बाहेर काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. ती नोट नव्हती. काडतुसांच्या खोक्यावरच्या लेबलाचा तुकडा होता, तेलाने पिवळा पडलेला. मागच्या कोऱ्या बाजूवर वडिलांचे ठेंगणे, पेन्सिल दाबून काढलेले अक्षर होते. याच अक्षरात ते पिस्तुलांना किमतीच्या चिठ्ठ्या लावीत.

अर्डिथने ते एकदा वाचले. मग सवयीने तारीख शोधली, आणि अहवालावरच्या तारखेशी ताडून पाहिली. चिठ्ठी अहवालानंतर नऊ दिवसांनी लिहिलेली होती.

"किती निघाले?" रॉइसने विचारले.

तिने चिठ्ठी अहवालाच्या तिसऱ्या ओळीवर ठेवली, कडा अंगठ्यांनी सपाट केल्या आणि दोन्ही कागद त्याच्याकडे वळवले.

"शनिवारी हे वाचायचं," ती म्हणाली. "आता मोठ्यानं वाच. मला ऐकायचंय."

रॉइसने चष्मा नीट केला. तो वाचू लागला.

"‘त्या आठवड्यात नदीपलीकडं दोन घरं फोडली होती. रविवारी सकाळी डेल्फिया वर केस विंचरत होती. मी तिच्या पर्समधून हे काढलं आणि सहावं घर भरलं. पाच कमी पडतील असं वाटलं. तिला सांगितलं नाही. शेरीफनं विचारलं नाही, मी बोललो नाही. ऑर्व्हिल प्रुइट.’"