खिडकीचं रबर

धुराची ती एवढीशी रेघ, तपासनिसाच्या हातातल्या कांडीतून निघालेली, सरळ वर जाता जाता खिडकीपाशी एकदम आत वळली, कुणी बाहेरून फुंकर घातल्यासारखी... आणि ती तपासनिसाच्या पाठीमागून वाकून बघू लागली. खाली मुख्य दाराच्या चौकटीत बसवलेला भलामोठा पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता, म्हणजे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसणार. बाकीच्या खोल्या कशा शहाण्यासारख्या वागल्या होत्या, आणि नेमकी बाबांची खोली — बाईसाहेब गळतायत! नव्या घरातली ऊब वाया जाता कामा नये असा नियम. गळती मर्यादेबाहेर गेली की राहायचा दाखला नाही. आणि दाखला लांबला की बाबा दादाकडेच. घर होईपर्यंत म्हणून तिकडे गेलेले बाबा हल्ली फोनवर "राहू दे गं, बरा आहे मी इथे" म्हणायला लागले होते, आणि नियमापेक्षा तिला त्याचीच धास्ती होती.

"या खिडकीच्या कडेचं रबर कुठंय?" तपासनिसाने विचारलं.

चार दिवस घर बघायला म्हणून आलेल्या, दारात रंगाच्या पालथ्या डब्यावर बसलेल्या बाबांनी घसा खाकरला. मग पिशवीत हात घालून त्यांनी एक वेटोळं काढलं — काळं रबर, सुतळीने नीट बांधलेलं.

"हे होय? मला वाटलं, खिडकी गुंडाळून आली त्या पॅकिंगचं आहे."

"बाबा!"

"अगं, चांगलं आहे, टाकवेना. म्हटलं कशाला तरी उपयोगी पडेल."

तपासनीस हसू लपवायला भिंतीकडे वळला, "बसवून घ्या, तोवर पंखा बंद करून मी खाली थांबतो" म्हणाला आणि गेला. ती गुडघ्यांवर बसून खाचेत रबर दाबू लागली. राग यायला हवा होता, येत नव्हता. काय म्हणायचं या माणसाला! ताजी हवा आणणारं यंत्र दाखवलं तेव्हाही म्हणाले होते, "म्हणजे श्वाससुद्धा आता मशीन देणार? ते रजेवर गेलं तर?" ... पण इतर खिडक्यांची रबरं जागच्या जागी आहेत की. फक्त याच खोलीचं — आणि उभा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेलेला, वायसर नुसतं चिमटीत धरून चांगलं की वाईट सांगणारा माणूस रबराला पॅकिंग समजेल?

"बाबा, खरं सांगा."

बाबा दुसरं टोक धरून बसले होते. टोकाकडेच बघत म्हणाले, "बाहेरचं काही ऐकूच येत नाही गं. परवा इथे बसलो होतो, तू गाडी लावलीस, जिना चढलीस, आणि एकदम समोर उभी! दचकलो ना मी. तू आलेली कळायला नको?"

जुन्या भाड्याच्या घरात सगळंच ऐकू यायचं. खिडक्या खडखडायच्या, दाराखालून वारा शिरायचा, आई पायाशी दोन-दोन पांघरुणं घेऊन कुडकुडायची. पण त्या दाराची कडी तिने कधी वाजवली नव्हती... कॉलेजातून उशिरा, पहिल्या नोकरीवरून, एकदा तर नवऱ्याशी भांडून बॅग घेऊन — पायरीवर पाऊल पडायचा अवकाश, दार उघडायचं आणि बनियनमधले बाबा म्हणायचे, "आलीस?" एवढंच. मला वाटायचं, बाबांची झोपच सावध. कुणासाठी तरी कुणी तसं झोपतं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. किती लाडात वाढले मी, आणि मलाच पत्ता नाही!

"मी आले की हाक मारत जाईन," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज."

"विसरशील, भिंगरी."

"विसरले तर बोला मला."

बाबांनी शेवटचा कोपरा अंगठ्याने दाबून बसवला, अगदी सफाईने. "लाव आता. माझ्यापायी तुझं घर नापास व्हायला नको."

"तुझं काय, बाबा? आपलं म्हणा."

तिने खिडकी लावून घेतली. रस्ता, पलीकडच्या बांधकामावरची ठोकाठोक, सगळं एकदम गेलं. ती त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली. खाली पंखा पुन्हा सुरू झाला असावा. इथे नुसती बारीक घरघर पोचत होती.

बाबा, मी आले. तिने मनात म्हणून पाहिलं. किती साधं, आणि आजवर कधी म्हणावंच लागलं नाही... आणि म्हटल्यानंतर? वरून उत्तर येईपर्यंत खाली चपला काढत थांबायचं. आजवर कान देऊन बसायचे ते. आता ती बसणार, रोज, जिन्याखाली... आणि एखाद्या दिवशी उत्तराला जरा वेळ लागला तर? तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते बंद काचेतून बाहेर बघत होते.

"बाबा."

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि लगेच तिला पुन्हा एकदा हाक मारावीशी वाटली.