दोन कुलपं, एकच खिळा

मी कुलूप बोलतोय. पितळी नाही, साधं लोखंडी. अंगावर गंज आहे आणि किल्ली फिरवली की कुरकुरतो. शाळेशी माझा संबंध एवढाच, की एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या दाराला लटकलो होतो. तेव्हा शहाणपणाची भाषा माझ्याकडून मागू नका.

माझी उमर गेली सरूबाईच्या कांद्याच्या वखारीवर. काम सरळ होतं. आत कांदा, बाहेर मी. मग तिनं मला उचलून देवळाजवळच्या दानपेटीला दिलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

गाव शिनोलीच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, लोक भांडायला येतील. तिथं चार माणसांनी ट्रस्ट काढलाय. पेटीतल्या पैशावर एक जीप चालते. कुणी आजारी पडलं की फुकट मंचरच्या दवाखान्यात पोचवते. ट्रस्टचा हिशेब तपासायला मंचरहून रुपाली मॅडम येतात, त्या सीए आहेत. त्यांनी सांगितलं, पेटीला दोन कुलपं लावा, किल्ल्या दोन माणसांकडं ठेवा आणि पेटी चारचौघांसमोर उघडा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला आपल्या लोकांना कधी कष्ट पडत नाहीत.

एक कुलूप नवं, चकचकीत. त्याची किल्ली खजिनदार गेणभाऊकडं. दुसरा मी. माझी सरूबाईकडं, तीही ट्रस्टच्या चौघांतली.

किती दिवस टिकलं हे? सरूबाई बटाटा काढायला रानात, तिला बोलवायला माणूस धाडा, मग ती चिखलाचे पाय घेऊन येणार. एकदा वैतागून म्हणाली, "भाऊ, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. तुमच्यावर काय भरवसा न्हाई व्हय?"

आता गेणभाऊनं नको म्हणायला पाहिजे होतं. पण आपल्याकडं किल्ली परत देणं म्हणजे भरवशाचा अपमान. त्यानं घेतली आणि दोन्ही किल्ल्या घरात कॅलेंडरच्या खिळ्याला टांगल्या. दोन कुलपं, खिळा एक! मग मला लावलं कशाला? शोभेला? आणि ते चारचौघं? ज्याला त्याला काम. गेणभाऊ गुणगुणत एकटाच यायचा, पेटी उघडायचा, पैसे मोजून ट्रस्टच्या खात्यात भरायचा.

मग उगवला पप्पूशेठ. आपल्याच गावचा, मंचरला कांद्याचा व्यापार करतो. गेणभाऊला म्हणाला, "दहा हजार देतो, पावती लाखाची फाड. माझा टॅक्स वाचंल, तुमच्या जीपला टायर येतील."

टायर खरंच गुळगुळीत झाले होते. गेणभाऊनं मॅडमला फोन लावला. त्या म्हणाल्या, हे दान नाही, चोरी आहे, आणि सही तुमची. सापडलं तर ट्रस्टची करसवलत जाईल, खरं देणारेही हात आखडतील, जीप बंद पडेल. गेणभाऊनं शेठला सांगितलं, "जेवढं देशील तेवढ्याचीच पावती मिळंल."

शेठ तेव्हा हसला. ट्रस्टच्या बैठकीत, पेटीशेजारीच, अख्ख्या गावासमोर सावकाश बोलला. "मला कायदा शिकवतो हा. पेटीच्या दोन्ही किल्ल्या याच्या घरात. किती निघालं आन् किती लिवलं, कुणी बघितलंय?"

ज्यांच्या आया त्या जीपमधून दवाखान्यात गेल्या, ते आपल्या चपलांकडं बघत बसले. मला इतका राग आला, की किल्लीशिवाय तुटून पडावं वाटलं.

हिशेबासाठी आलेल्या मॅडमही बैठकीत होत्या. त्यांनी विचारलं, "गेणभाऊ, पेटी उघडताना शेजारी कोण होतं?"

"कुनी न्हाई."

"मग मी काय सांगू? तुम्ही खाल्लं नाही, असं मला वाटतं. पण मला वाटलेलं लिहिता येत नाही."

अहो, मी होतो ना शेजारी! नाणं खाली पडलं तर हा माणूस गुडघ्यावर बसून पायरीच्या फटीत शोधायचा. दमडी खिशात गेली नाही. पण कुलपाची साक्ष कोण घेतं?

सरूबाई उठली. "चूक माजी हाय. मला दिल्याली किल्ली मीच टाकून दिली. द्या हिकडं." गेणभाऊनं घरून किल्ली आणून दिली. तिनं ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

आता पेटी दोघं मिळून उघडतात, चौघं बघतात. सरूबाईला उशीर झाला की लोक कुरकुरतात. करा कुरकुर. मीही करतो. जीप चालू आहे, टायरसाठी खऱ्या पावत्यांवर वर्गणी निघाली. शेठनं एक रुपया दिला नाही.

पण आधीच्या दिवसांचं काय? त्यांचा डाग पुसायला कुणाकडं काही नाही. गेणभाऊ आता गुणगुणत नाही. पेटीला हात लावण्याआधी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर करतो आणि दोन्ही पंजे लोकांना उघडे दाखवतो. कुणी सांगितलेलं नाही त्याला.

लोकहो, मी चोरासाठी लटकलेलो नाही. चोर मला दगडानं फोडेल. मी लटकलोय ते गेणभाऊसारख्यासाठी. तेव्हा तुमच्या गावात माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिळ्याला टांगू नका. आणि जमलं तर थेंबभर तेल सोडा. त्या बाह्या वर होताना पाहिल्या की माझी किल्ली फिरत नाही.