एकाच फोनवरून आलेले शब्द

मित्रांनो, मी जुना मोबाइल आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझ्या काचेला कोपऱ्यातून तडा गेला आहे, पाठीवर फाटकं कव्हर आहे, आणि चार्जर लावला नाही तर दुपारपर्यंत मी मान टाकतो. पण माझा आवाज अजून खणखणीत आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते मी सांगणारच.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या बायका रांगेत बसून आमच्या पोटात बारीक स्क्रू बसवायच्या. माझ्याबरोबरचे भाऊ कुठे कुठे गेले, कोण जाणे. कोणी साहेबाच्या खिशात, कोणी कॉलेजात. मी आलो मालिशच्या दुकानात. खरं सांगतो, सुरुवातीला मी नाक मुरडलं. तेलाच्या वासानं माझं डोकं उठायचं.

दुकान गल्लीच्या आत होतं. बाहेरच्या खोलीत एक बाक, टॉवेलांचं कपाट आणि माझी जागा असलेली खिडकी. आतल्या खोलीत मालिशचं टेबल आणि वाफ घ्यायची लाकडी पेटी. दुकान मावशींचं. सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणायची. त्यांचे हात कायम तेलकट, म्हणून मी वाजलो की त्या मला कोपरानं चालू करायच्या आणि माझ्यावर ओणव्या होऊन बोलायच्या. माझी देखभाल करायची त्यांची मुलगी चिमी. ही चिमी तिशी ओलांडलेली आणि आईपेक्षा चांगली वीतभर उंच, पण चिमीच. मायलेकी दिवसभर एकमेकींशी भांडायच्या आणि एकाच ताटात जेवायच्या.

मग मोठ्या रस्त्यावर काचेच्या दाराचा एक स्पा निघाला आणि आमच्याकडची वर्दळ हळूहळू आटली. चिमीनं एकदा माझ्यावर 'जवळचा स्पा' असं लिहून शोधलं. पुलापलीकडची दुकानं आली, पार गावाबाहेरची आली, आमचं काही आलं नाही. दुकानात बसून दुकान सापडेना! चिमी हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. तिला दुसऱ्या शहरातल्या एका हॉटेलात मालिशच्या कामाला बोलावणं आलं होतं, राहायच्या सोयीसकट. मायलेकींनी ठरवलं की थंडी संपेपर्यंत दुकान पुन्हा चालायला लागलं तर चिमीनं राहायचं, नाहीतर जायचं. मावशी म्हणाल्या, "मी राहीन की एकटी, त्यात काय." आणि आत जाऊन घडी घातलेले टॉवेल पुन्हा मोडून घड्या घालत बसल्या.

चिमी कामाला लागली. तिनं नकाशावर दुकानाची खूण अगदी दारावर आणून ठेवली. वेळ टाकली, फोटो टाकले. 'मालिश आणि वाफ' या नावापुढे 'स्पा' हा शब्द जोडला, कारण लोक तोच शब्द शोधतात. मावशी कुरकुरल्या. हात तेच, तेलही तेच, मग नाव कशाला वाढवायचं? शेवटी मोबाइल दुरुस्त करणाऱ्यानं चिमीला खरी मेख सांगितली. गिऱ्हाइकं नकाशावर दुकानाबद्दल जे चांगलं लिहितात, त्यानं दुकान शोधात वर चढतं.

तरुण गिऱ्हाइकं म्हणायची, घरी जाऊन लिहितो. घरी गेली की विसरायची. ज्यांना मनापासून लिहायचं होतं, ते आमचे जुने लोक, त्यांच्याकडे एकतर साधे बटणांचे फोन होते किंवा चष्म्याची पंचाईत. तेव्हा मावशींनीच तोड काढली. आपला फोन आहे ना? त्यांनी बोलावं, चिमीनं लिहावं.

मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. चिमीनं माझ्यावरच प्रत्येकाच्या नावानं खातं उघडलं. बाकावर बसून एकेकजण सांगायचा आणि ती टाइप करायची. शिंपीकाकांनी सांगितलं, "खांदा मोकळा झाला, हात आता डोक्यापर्यंत जातो. चहा मात्र विचारत नाहीत." चिमी चहाचं गाळायला निघाली, तर मावशी म्हणाल्या, ते बोललेत ना, मग लिही. खानावळीत पोळ्या लाटणारी बाई म्हणाली, मान मोडून काम करणाऱ्यांनी आपली मान इथे आणावी. आणि एक म्हाताऱ्या बाई पदर सावरत बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, "लिही, नवरा गेल्यावर पाठीवरून हात फिरवणारं कोणी उरलं नव्हतं. इथे आले आणि रडले. पाठही बरी आहे." चिमीनं ते जसंच्या तसं लिहिलं आणि नाक पुसलं. मला तेव्हा तेलाचा वास येईनासा झाला होता.

आणि आमचं दुकान वर आलं! शोधणाऱ्याला पहिल्याच पानावर दिसू लागलं. अनोळखी माणसं माझ्यावर फोन करून गल्ली विचारायची. एक जोडपं तर वाफेच्या पेटीपुढे उभं राहून फोटो काढून गेलं. मावशींनी कोरड्या टॉवेलानं मला पुसलं आणि म्हणाल्या, "हा नुसता फोन नाही गं, घरचं माणूस आहे." मी फुलून गेलो. हॉटेलवाल्यांना नाही म्हणून कळवायचं, असं चिमीनं मनाशी पक्कं केलं.

एका सकाळी तिनं मला उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. सगळं गेलं होतं. शिंपीकाका, पोळ्यावाल्या बाई, म्हाताऱ्या आजी, सगळ्यांचे शब्द पुसले होते. नकाशावाल्यांचा निरोप होता. हे सर्व एकाच फोनवरून, एकाच जागेवरून लिहिलं आहे, म्हणून ते बनावट आहे. दुकानाची खूणही नकाशावरून काढली होती.

बनावट? मी प्रत्येकाचा आवाज ऐकला होता! चिमीनं पुन्हा पुन्हा विनवणीचे अर्ज लिहिले, माणसं खरी आहेत, फोन तेवढा एकच आहे, असं कळवलं. दर वेळी तेच ठरावीक उत्तर आलं. पलीकडे कोणी माणूस आहे की नाही, तेच कळेना. शिंपीकाकांना कळलं तसे ते दुकानात आले. रागावले नाहीत. हात वर करून उभे राहिले आणि विचारलं, "मग हा खांदा खोटा आहे का?" चिमीनं मला उचललं आणि परत खिडकीत ठेवलं. पुन्हा लिहा म्हणावं, तर पुन्हा तोच फोन.

थंडी संपली. चिमीनं बॅग भरली आणि मला खिडकीत ठेवून गेली. आईकडे फोन हवा, म्हणाली. निघताना मायलेकी भांडल्या नाहीत, आणि तेच मला सहन झालं नाही.

आता दुकानात जुने चारदोन लोक येतात. परवा दुपारी कंबरेवर हात ठेवून एक माणूस गल्लीत आला. पावलं ऐकून मावशी हात पुसत दारात आल्या. तो अगदी खिडकीपाशी थांबला, पण नजर हातातल्या फोनवर. फोन त्याला मोठ्या रस्त्याची वाट दाखवत होता. तो लंगडत पुढे गेला. मावशी तो वळेपर्यंत बघत राहिल्या.

संध्याकाळी हॉटेलातून चिमीचा फोन आला. आज कोणी आलं होतं का, असं तिनं विचारलं. मावशी माझ्यावर ओणव्या झाल्या आणि हसऱ्या आवाजात म्हणाल्या, "अगं, आज तर जेवायला फुरसत नव्हती." इतक्या वर्षांत माझ्यातून गेलेलं खोटं ते एवढंच. ते मात्र कोणी पुसलं नाही.

म्हणून, मित्रांनो, एवढं ऐका. कोणाच्या हातांनी तुमचं दुखणं हलकं झालं असेल, तर घरी जाऊन विसरू नका. आपल्या फोनवरून, आपल्या नावानं दोन ओळी लिहा. तुमच्या त्या दोन ओळींवर एखाद्या आईची लेक तिच्याजवळ राहते.